स्वस्तातला ग्रूव्हबॉक्स रोज वापरताना: हलगी, मारवा आणि बाकी सगळं

गंगावेशकर

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडून मला एकच प्रश्न सारखा येतो. घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करायचंय, खिसा फार मोठा नाही, ग्रूव्हबॉक्स घ्यावा का? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतोय. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी आपापला अनुभव लिहा, म्हणजे नव्या माणसाला एका जागी सगळं सापडेल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रम, सिंथ (विजेवर सूर घडवणारं वाद्य) आणि ते ठरलेल्या क्रमानं वाजवणारा सिक्वेन्सर असं सगळं एकाच डब्यात असतं, तो ग्रूव्हबॉक्स. रोलँडने १९९६ मध्ये एमसी-३०३ काढला तेव्हा त्याला हे नाव दिलं आणि पुढे इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही तेच चिकटलं. माझ्याकडे नोव्हेशनचा सर्किट ट्रॅक्स आहे. २०२१ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेलं. दोन सिंथ, चार ड्रम, आणि बाहेरची वाद्यं चालवायला दोन मिडी ट्रॅक. बॅटरी आतच आहे, चार तासांच्या आसपास चालते. स्क्रीन नाही, रंगीत दिव्यांचे ३२ पॅड आहेत आणि आवाज बदलायला आठ नॉब.

स्क्रीन नाही म्हटल्यावर बरेच जण बिचकतात. मला तीच गोष्ट सर्वांत आवडते. दिवसभर कामावर स्क्रीनच असते. संध्याकाळी घरी येऊन हा डबा मांडीवर घेतला की नजर पॅडवर आणि कान हेडफोनमध्ये. कुठला दिवा म्हणजे कुठली मात्रा हे काही आठवड्यांत बोटांना कळायला लागतं.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस यंत्र उघडतो, आतले तयार हाऊस-टेक्नोचे (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे) पॅटर्न वाजवतो, खूश होतो आणि महिन्याभरात कंटाळतो. माझं सांगणं असं की पहिल्या दिवसापासून आपल्या गावचा ठेका त्यात बसवायला घ्या. आपल्याकडे खासबागेत कुस्ती लागली की हलगी, घुमकं (घुमणाऱ्या आवाजाचं चर्मवाद्य) आणि कैताळ (झांजा) वाजतं. ते लहानपणापासून कानावर आहे म्हणून आपल्याला वाटतं, हे तर येतंच. यंत्राच्या सोळा घरांत, म्हणजे ठोके ठेवायच्या जागांत, मांडायला बसलात की कळतं किती थोडं ऐकलं होतं ते.

सर्किटमध्ये एक पॅटर्न ३२ घरांपर्यंत जातो. नेहमीच्या मांडणीत एक घर म्हणजे चौथा हिस्सा मात्रा. हलगीचा ठेका त्यात सरळ टाकला तर तो कवायतीसारखा ऐकू येतो. ट्रिपलेटचा वेग निवडला, म्हणजे एका मात्रेत तीन घरं, तर चाल जवळ येते, पण पुरती नाही. कारण हलगीवाला चारच्या चालीतही नसतो आणि तीनच्याही नसतो, तो दोन्हींच्या मधे कुठेतरी खेळत असतो, आणि गडी रंगात आला की ते मधलं अंतरही सरकतं. स्विंगचा उपयोग होईल असं वाटतं, पण स्विंग एकाआड एक सगळी घरं सारखीच सरकवतो. इथे सरकायला हवेत मोजकेच ठोके.

उपाय आहे मायक्रोस्टेप. सर्किटमध्ये प्रत्येक घराचे आणखी सहा भाग पडतात. १२० च्या लयीत एक घर १२५ मिलिसेकंदांचं, म्हणजे एक भाग साधारण २१ मिलिसेकंदांचा. टिपरूचा, म्हणजे जाड काठीचा, मोठा ठोका घरावरच ठेवायचा आणि डाव्या हातातल्या बारीक काडीचे ठोके एक-दोन भाग मागे-पुढे न्यायचे. जोर वेगवेगळा द्यायचा, काडीचा ठोका टिपरूच्या निम्म्यानेही पुरतो. हे करताना एकच ओळ तासभर फिरवत बसावं लागतं. अमुक ठोका एक भाग पुढे घेतला की अंगात येतं, दोन भाग घेतला की लंगडतं, हे कानाला पक्कं होतं. मग पुढच्या वेळी मैदानात गेलात की तोच हलगीवाला नव्यानं ऐकू येतो.

ठोक्यांचे आवाज मी आमच्या तालमीजवळच्या एका वादकाकडून, त्यांना विचारून, फोनवर रेकॉर्ड केले. मधला भरीव ठोका, कडेचा टणक ठोका आणि नुसती काडी, एवढे तीनच. ट्रॅक्सला स्वतः आवाज रेकॉर्ड करता येत नाही, ते काम त्याचा भाऊ सर्किट ऱ्हिदम करतो. त्यामुळे सँपल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) संगणकावरून क्रोम ब्राउझरमध्ये कंपनीचं कॉम्पोनंट्स हे ॲप उघडून चढवावे लागतात. एका पॅकमध्ये ६४ सँपल बसतात.

आणखी एक गोष्ट जी मला फार आनंद देते. प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते. झपतालाच्या दहा मात्रांसाठी, मात्रेला एक घर धरून, एक ट्रॅक दहा घरांचा आणि खाली किक (जाड आवाजाचा ड्रम) सोळाचा. दोघं एकदम सुरू झाले की पुन्हा ८० घरांनी समेवर भेटतात. मधल्या वाटेत दरवेळी वेगळा ठोका वेगळ्या जागी पडतो. रूपक करायचा असेल तर मात्रेला दोन घरं धरून १४ वर पॅटर्न संपवा.

बाकी मेमरी, पोर्ट वगैरे माहिती कुठेही मिळते, ती इथे लिहीत नाही. विचारा, मला जमेल तेवढं सांगतो.

---

रंकाळावारा

दादा, छान लिहिलंय. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर्किट माझ्या बजेटच्या बाहेर जातोय. कोर्गचा व्होल्का, पॉकेट ऑपरेटर, इलेक्ट्रॉनचा मॉडेल सँपल्स अशी नावं वाचली. यातलं काय घ्यावं? मला हलगीचंच काहीतरी करायचंय, माझे आजोबा लेझीम पथकात होते.

---

लॅपटॉपवाला

मी थोडं वेगळं मत मांडतो. विद्यार्थ्यानं आधी पैसे घालूच नयेत. एलएमएमएस फुकट आहे, हायड्रोजन नावाचं ड्रम सॉफ्टवेअर फुकट आहे, फोनवर सँपलरचं ॲप चहा-नाश्त्याच्या पैशात येतं. वर जे मायक्रोस्टेपचं कौतुक आहे ते सॉफ्टवेअरमध्ये ठोका माउसने धरून हवा तिथे नेऊन होतं, सहा भागांचंही बंधन नाही. ट्रॅक कितीही घ्या. परदेशात ही यंत्रं ३०० ते ४०० डॉलरला "स्वस्त" म्हणून विकतात, आपल्याकडे येईपर्यंत कर आणि कुरिअर धरून ती स्वस्त राहत नाहीत. माझा राग यंत्रावर नाही. पण गावाकडच्या पोराला असं वाटू नये की डबा नसेल तर संगीत होणार नाही.

---

गंगावेशकर

लॅपटॉपवाला, तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. डबा नसेल तर संगीत होणार नाही असं कुणी समजू नये. ज्याच्याकडे चालता लॅपटॉप आहे त्यानं आजच सुरू करावं.

फरक मला दिसतो तो सवयीत. माउसने ठोका सरकवताना मी पडद्याकडे बघतो, रेघ कुठे आहे ते बघून ठरवतो. डब्यावर बघायला रेघच नाही, त्यामुळे कानावर सोडावं लागतं. आणि लॅपटॉपवर तेरावा ट्रॅक उघडता येतो म्हणून मी उघडतो. इथे चार ड्रम आहेत. हलगी, घुमकं, कैताळ घेतलं की एकच उरतो, तो किकला द्यायचा का टाळीला, हे ठरवावंच लागतं. हे ठरवण्यातच माझी बरीचशी गाणी घडलीत. ज्याचा हात सॉफ्टवेअरमध्ये असाच चालतो त्याला डब्याची गरज नाही.

रंकाळावारा, तुला रेकॉर्ड केलेले आवाज वापरायचेत तर सिंथवाले व्होल्का सोडून दे. व्होल्का सँपल चालेल. पॉकेट ऑपरेटरमधला पीओ-३३ सगळ्यांत छोटा, ट्रिपल-ए सेलवर चालतो, त्यालाच माईक आहे, मैदानात उभं राहून ठोका पकडता येतो. मेमरी एकूण ४० सेकंदांची, पण हलगीचे तीन ठोके दोन सेकंदांतही मावतात. मॉडेल सँपल्सला सहा ट्रॅक आणि ६४ घरं, शिवाय प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, म्हणजे झपतालाचा खेळ तिथेही जमतो. जुना चांगला मिळाला तर मी तुला तोच सुचवीन. घेण्याआधी समोर बसून प्रत्येक पॅड दाबून बघ, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून बघ, दोन्ही आउटपुटला हेडफोन किंवा स्पीकर लावून ऐक. फोटोवरून घेऊ नकोस.

---

उद्यमनगरी_सोल्डर

मी दुरुस्तीची कामं करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो, कारण लोक घाबरून चांगली यंत्रं विकतात.

पहिली, गुणगुण. डबा यूएसबीवर चार्ज होतोय, त्याच वेळी त्याची वायर मिक्सरला लावली की स्पीकरमधून बारीक किणकिण किंवा जाड घूं ऐकू येतं. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप असतो, दोन वाटांनी जमीन (अर्थिंग) जोडली जाते म्हणून. चार्जरची वायर काढा आणि बॅटरीवर वाजवा, आवाज गेला तर यंत्र ठणठणीत आहे. कायमचा इलाज म्हणजे ती जादा जोड तोडायला मधे डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. कुणी प्लगची तिसरी पिन काढायला सांगितलं तर ऐकू नका. जुन्या वाड्यांमधून अर्थिंग नीट नसतंच, त्यात पिन काढली तर शॉक बसेल. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, त्याला जास्त खर्च येत नाही.

दुसरी, पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे यंत्राचं काय होणार. नॉबच्या आतल्या पट्टीवर ओल आणि धूळ बसते, मग नॉब फिरवला की आवाज उड्या मारतो. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. पण सर्वांत चांगलं औषध म्हणजे रोज वापरणं, नॉब फिरता राहिला की पट्टी साफ राहते. आणि महिनोन्महिने न वापरता ठेवायचं असेल तर आतली लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्मी भरून ठेवा. सेलवरचं यंत्र असेल तर सेल काढून ठेवा, गळालेल्या सेलनं स्प्रिंग खाल्लेली यंत्रं माझ्याकडे फार येतात.

---

सुरेल_सकाळ

मी गाणं शिकते, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम. या यंत्रांशी माझा संबंध धाकट्या भावामुळे आला, त्याच्याकडेही सर्किटच आहे. गंगावेशकरांनी एक गोष्ट लिहिली नाही ती मी सांगते. सर्किटच्या सोळा स्केलमध्ये मारवा आणि तोडी अशी दोन नावं आहेत. मला पहिल्यांदा बघून खूप बरं वाटलं. पण ते थाट आहेत, म्हणजे नुसते स्वरांचे साचे, राग नव्हेत. मारव्याच्या पॅडवर पंचम दिलेला आहे. मारवा रागात पंचम वर्ज्य. म्हणजे पॅड सगळे दिवे लावून "वाजव" म्हणतात, आणि तुम्ही तो एक पॅड टाळायचा. तो टाळून फक्त कोमल रे आणि धैवत यांच्यामधे ये-जा केली आणि षड्ज उशिरा दाखवला, की त्या डब्यातून सुद्धा संध्याकाळ उतरते. मी स्वतः ऐकलंय.

तोडीचं कठीण आहे. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला असतो आणि तो आंदोलित (हळुवार झुलता) हवा. पॅडवर बारा सारख्या भागांतला ठरीव गंधार मिळतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही. सिंथच्या आवाजात ग्लाइड वाढवला तर थोडी मींड येते, पण सगळ्या स्वरांना सारखीच. माझ्या भावाला मी सांगितलं की तोडी यावर वाजवू नकोस, तोडीचे स्वर घेऊन वेगळं काहीतरी कर आणि त्याला तोडी म्हणू नकोस.

हे सगळं परदेशी यंत्रावर आपलं संगीत लादणं आहे असं काही लोक म्हणतात. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) वर राग वाजवून रेकॉर्ड केले. हे काम आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच सुरू झालंय. आणि आपण ज्या गावात राहतो तिथे आमच्या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, संगीताचा देवल क्लब १८८३ पासून आहे. नवं यंत्र हातात घेतलेल्या माणसाला ऐकण्यासाठी इथे कमी नाही. पोरांनी डबा घ्यावा आणि मैफलीलाही यावं.

---

गंगावेशकर

ताई, मारव्याचं वाचून लगेच लावून बघितलं. पंचमाचा पॅड सोडून दिला आणि खालचा सिंथ सावर न ठेवता धैवतावर ठेवला. फार सुंदर लागलं. मनापासून आभार. ही गोष्ट कुठल्याच माहितीपुस्तिकेत नाही.

---

घुमकं_कैताळ

भावा, नाद केलास. आमच्या घरात हलगी आज्ज्यापासनं हाय. म्या तुझं वाचून दोन गोष्टी सांगतो.

हलगी तापवल्याबिगर रेकॉर्ड करू नगंस. जाळावर धरली की कातडं ताणतंय, आवाज टणाटणा येतोय. पावसाळ्यात तर दहा-पंधरा मिनिटांत परत ढिली पडती, मग ठोका बसका येतोय. तू तीन ठोकं घेतलंस ते एकाच तापवणीत घेतलंस का? न्हाईतर एक चढा आनि एक उतरलेला आसा मेळ बसायचा न्हाई. उन्हाळ्यात घे, लई फरक पडंल.

दुसरं, घुमकं. ते एका सुरावर थांबत न्हाई. ठोका मारला की आवाज घुमत-घुमत वाकतोय, म्हणून तर घुमकं. तुझ्या मशिनीत नुसता ठोका टाकलास तर ते ढब्ब वाजणार. ते वाकणं येतंय का बघ.

आनि कैताळाला लई जागा दिऊ नगंस. कैताळ लय धरून ठेवतंय, त्यो पुढं आला की हलगी झाकती.

---

गंगावेशकर

दादा, ठोके एकाच तापवणीतले आहेत, त्या काकांनीच शेगडी पेटवून बसवलं होतं आणि मधे थांबू दिलं नाही. पण महिना जुलैचा होता. उन्हाळ्यात पुन्हा घेतो.

घुमक्याचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. मी ते सँपलवरून काढलं आणि एका सिंथ ट्रॅकवर नेलं. साधी साइन लहर, आणि एका एन्व्हलपला (ठोक्यानंतर आवाज कसा बदलत जाईल ते ठरवणाऱ्या भागाला) पिच जोडली, म्हणजे ठोक्याबरोबर सूर वर उचलला जातो आणि उतरत जातो. उतरायला किती वेळ घ्यायचा हे एका नॉबवर ठेवलं. तो वेळ वाढवला की डुगडुगतं, कमी केला की नुसता टेक्नोचा किक होतो. मधे एक जागा आहे तिथे घुमकं बोलतं. यामुळे ड्रमचा एक ट्रॅकही मोकळा झाला. कैताळ आवाजाने निम्मा केलाय.

---

मिरवणूक_साउंड

मी साउंड सिस्टीमवर काम करतो, गणपतीत आणि लग्नात. अशा डब्यावर पोरं कार्यक्रमात वाजवायला येतात तेव्हा दोन गोष्टींची तयारी करून या.

एक, आमच्याकडचे बरेच सेटअप मोनो चालतात, म्हणजे सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज. तुम्ही हेडफोनवर हलगी डावीकडे आणि कैताळ उजवीकडे असं छान पसरवलेलं असतं, आणि एकच वायर जोडली की अर्धा बँड गायब. घरीच दोन्ही बाजू एकत्र करून ऐकून या. डावी-उजवी दोन्ही वायरी घेऊन या, साध्या पाव इंची जॅकच्या, आम्ही मिक्सरवर जुळवून घेतो.

दोन, खालचा आवाज. हेडफोनवर ३० हर्ट्झचा गोळा ऐकू येत नाही म्हणून तुम्ही तो वाढवत जाता. सबवर (खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरवर) तोच बाकी सगळं गिळतो. किक आणि घुमकं एकाच जागी बसवू नका, एकाला वर घ्या. सर्किटमध्ये साइडचेन आहे, किक पडली की घुमकं क्षणभर खाली बसेल असं लावलं तर मैदानात दोन्ही स्पष्ट येतात. मास्टरचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा भाग) बंद करून पाठवा, आमच्याकडे वेगळा असतो.

आणि घरी सराव करताना रात्री दहानंतर हेडफोन. शेजारी चांगले राहिले तर सराव चालू राहतो.

---

रंकाळावारा

सगळ्यांचे आभार. मी मॉडेल सँपल्स जुना बघतोय, पुढच्या आठवड्यात पुण्यात एकाकडे जाऊन प्रत्यक्ष तपासणार आहे. तोपर्यंत लॅपटॉपवर हायड्रोजन टाकलंय. एक प्रश्न राहिला. माझ्याकडे आत्ताच आठ-दहा तुकडे झालेत, सगळे एका मिनिटाचे. छान वाजतात पण गाणं होत नाही, तेच तेच फिरत राहतं. डब्यावर हे सुटतं का?

---

गंगावेशकर

डब्यावर हा त्रास जास्तच होतो, कारण ते यंत्रच फिरवत ठेवण्यासाठी बनलंय. माझी पद्धत सांगतो.

सगळा मालमसाला असलेला एक पॅटर्न आधी पूर्ण भर. मग त्याच्या पाच-सहा प्रती कर आणि प्रत्येक प्रतीतून काढून टाकत जा. पहिल्या प्रतीत नुसता कैताळ आणि लांबून येणारं घुमकं. दुसरीत हलगीचा फक्त टिपरू. काडी तिसरीत येऊ दे. भरलेला पॅटर्न चौथ्या जागी ठेव, त्याच्या आधी तो कुठेही दिसू देऊ नकोस. मैदानात हलगी अशीच चढते, गडी हात मिळवतात तेव्हा एक चाल असते आणि पट निघतो तेव्हा दुसरी. तो क्रम तुझ्या कानात आहेच, आजोबांच्या लेझीममध्येही तसाच चढ असतो, त्यांना विचार कुठल्या हुकमावर लय वाढायची.

मग रेकॉर्डिंग लाव आणि पाच मिनिटं न थांबता हाताने वाजव. ट्रॅक बंद-चालू कर, फिल्टर फिरव, पॅटर्न बदल. चुकलं तरी थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. वाजवून झालं की प्रोजेक्ट दुसऱ्या नावाने सेव्ह कर, मूळ तसाच राहू दे, आणि संगणकावर एक प्रत ठेव. दुसऱ्या दिवशी ऐक. जिथे तुला स्वतःला कंटाळा येईल तिथला भाग कापून टाक. राहील तेवढं गाणं.

फाईल इथे टाक, घुमकं_कैताळ दादा आणि ताई दोघंही ऐकतील. हलगीचे उन्हाळ्यातले ठोके मी मार्च-एप्रिलमध्ये घेणार आहे, ज्या काकांकडून घेतो त्यांची परवानगी मिळाली तर ते सगळ्यांसाठी देईन.